नाकावरची खपली पडते आणि पुन्हा धरते: साधी पुळी की त्वचेचा कॅन्सर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात शेती, आयुष्यभर उन्हात काम. उजव्या नाकपुडीच्या कडेला आठ महिन्यांपासून काळपट पुळी आहे. तिच्यावर खपली धरते, तोंड पुसताना निघते, टिपूसभर रक्त येतं, चार-सहा दिवसांत सुकतं आणि पुन्हा खपली. दुखत नाही, खाजत नाही. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने दोनदा बरं वाटलं. घरात कोणी म्हणतं चामखीळ आहे, चुना लावा. शेजारी सांगतात, कॅन्सर असला तर तुकडा काढू देऊ नका, पसरतो. आणि नेटवरच्या फोटोंत तर गाठ लाल-गुलाबी दिसते, वडिलांची काळी आहे, मग हा कॅन्सर नसेलच ना? असा कॅन्सर दिसतो तरी कसा?

आधी मर्यादा सांगतो. पुळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही आणि पाहिल्यावरही शेवटचा शब्द बायोप्सीचाच, म्हणजे छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचाच असतो. पण एवढं वर्णन ऐकल्यावर मी पुढचं मलम लिहून देणार नाही. आठ महिने, एकच जागा, वेदना नाही, खपली-रक्त-खपली असं चक्र आणि उन्हात गेलेलं आयुष्य, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की 'बेसल सेल कार्सिनोमा' नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असं धरूनच आम्ही त्वचारोगतज्ज्ञ चालतो. जगभरात त्वचेचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. आपल्या सावळ्या कातडीत तो गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी होतो, पण होतो, आणि कमी होतो म्हणूनच घरच्यांच्या मनात त्याची शंका उशिरा येते.

तुम्ही विचारलंत, तो दिसतो कसा. मी आधी त्याची वागणूक बघायला सांगेन, कारण दिसण्यात तो फार फसवतो. साधी पुळी दोन-तीन आठवड्यांत जाते. केसतूड दुखतं, पिकतं, फुटतं आणि संपतं. खरचटलेलं महिन्याभरात भरून येतं, मधुमेह असेल तर थोडं जास्त लागतं. चेहऱ्यावर एकाच ठिकाणी चार आठवड्यांपुढे न भरणारी किंवा भरून पुन्हा उघडणारी जखम, मग ती तांदळाच्या दाण्याएवढी का असेना, डॉक्टरांना दाखवायचीच. आणि त्यात 'भरून पुन्हा उघडणारी' हे शब्द जास्त महत्त्वाचे आहेत. सतत वाहणारी जखम घेऊन माणूस कसाही डॉक्टरकडे जातोच. मधे-मधे बरी होणारी जखम त्याला वर्ष-दोन वर्षं घरी बसवते.

ती बरी झाल्यासारखी का वाटते? ही गाठ त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून वाढते. पेशींचे पुंजके खाली वाढतात आणि वरची कातडी ताणून पातळ करतात. ती पातळ कातडी दाढीच्या ब्लेडने, टॉवेलने, चष्म्याच्या दांडीने सहज फाटते. रक्त येतं, खपली धरते, खपलीखाली कातडी पुन्हा पातळशी जुळते. जुळते ती फक्त वरची पापुद्र्याएवढी कातडी, खालचा पुंजका तिथेच वाढत राहतो. सुरुवातीला संवेदनेच्या मोठ्या नसांना तो हात लावत नाही म्हणून दुखत नाही. त्यामुळे 'दुखत नाही म्हणजे कॅन्सर नाही' या समजुतीवर अजिबात विसंबू नका. या आजारात दुखणं हे उशिराचं लक्षण आहे.

आता रंगाचं. नेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात. तिथे ही गाठ गुलाबी, मोतिया चकाकीची दिसते आणि तिच्यावर बारीक लाल रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसतात. आपल्याकडे याच गाठीत रंगद्रव्य भरलेलं असतं, म्हणून ती तपकिरी, काळी, कधी निळसर काळी दिसते. बाहेरून बघणारा तिला तीळ किंवा मस म्हणून सोडून देतो. तेव्हा काळा रंग बघून निर्धास्त होऊ नका. भारतीय रुग्णांत काळपट रूप हे नेहमीचंच आहे.

घरी नीट बघायचं असेल तर असं बघा. सकाळी खिडकीपाशी, उजेड एका बाजूने येईल असं वडिलांना बसवा. खपली असेल तर नखाने ओढू नका. साधं व्हॅसलिन लावून अर्धा तास थांबा, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच टिपा, सुटेल तेवढीच सुटू द्या. मग अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजूंची कातडी हळू ताणा आणि मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ कातडीला समांतर धरा. आता कडेकडे लक्ष द्या. गाठीभोवती शेताच्या बांधासारखी किंचित उंच, गोलसर, आतून चकाकणारी किनार दिसते का? मध्यभागी खळगा आणि त्यात खपली आहे का? किनारीत वेगवेगळे काळे-राखाडी ठिपके दिसतात का? त्या जागेवरचे केस गेलेत का? कातडी ताणल्यावर ही चकाकणारी कड जास्त उठून दिसते, म्हणून ताणणं विसरू नका.

फोटो काढायचा तर शेजारी कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी ठेवून काढा, मिलिमीटरच्या रेघा दिसायला हव्यात. दर वेळी तोच उजेड, तेच अंतर. ही गाठ वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढते, रोज आरशात बघणाऱ्याला तो बदल कळत नाही. जुने फोटोही शोधा. लग्नाकार्यातला वर्ष-दोन वर्षांपूर्वीचा जवळचा फोटो मोठा करून बघितला की पुळी तेव्हा होती की नव्हती, हा महत्त्वाचा प्रश्न पुष्कळदा तिथेच सुटतो.

तसंच दिसणारं दुसरं काय असू शकतं, हेही सांगायला हवं, म्हणजे विनाकारण घाबरणार नाही. तरुणपणापासून असलेला मस मऊ असतो, वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, बऱ्याचदा त्यातून केस उगवलेला असतो, आणि ब्लेड लागल्याशिवाय त्यातून रक्त येत नाही. वयानुसार येणारे खरखरीत काळे मस वरून चिकटवल्यासारखे दिसतात, बोटाला मेणचट लागतात आणि सहसा एकटे नसतात, कानशिलावर, पाठीवर आणखी सापडतात. गालांवर, डोळ्यांखाली पुष्कळ बारीक काळे दाणे असतील आणि ते आईच्या किंवा मावशीच्या चेहऱ्यावरही असतील, तर ते निरुपद्रवी. तेलग्रंथी मोठी झाली की पिवळसर दाणा येतो, त्याच्या बरोबर मध्ये छोटी खळी असते, पण त्यातून रक्त येत नाही. एक आजार मात्र आपल्याकडे विसरून चालत नाही, तो म्हणजे त्वचेचा क्षयरोग. तो तांबूस-तपकिरी चट्टा एका बाजूने पसरतो आणि दुसऱ्या बाजूने व्रण सोडत जातो. त्याचं औषध पूर्ण वेगळं, टीबीच्या गोळ्यांचं. म्हणजे कॅन्सर नसला तरी तुकडा तपासल्याशिवाय योग्य औषध सुरू होत नाही.

याच कॅन्सरची आणखी दोन रूपं आहेत, ती चटकन ओळखू येत नाहीत. पाठीवर किंवा छातीवर सपाट, पापुद्रे सुटणारा चट्टा, जो गजकर्णाचं मलम महिनोन्महिने लावूनही हलत नाही आणि ज्याच्या कडेला बारीक काळे ठिपके असतात, ते एक. आणि चेहऱ्यावर काही लागलेलं नसताना आलेला, पांढरट, घट्ट, व्रणासारखा डाग, हे दुसरं. हे दुसरं कमी आढळतं, पण खाली मुळ्या पसरून असतं, त्यामुळे वरून दिसतं त्यापेक्षा खरं बरंच मोठं निघतं.

वडिलांची पुळी नाकाच्या कडेला आहे, म्हणून जागेचंही बोलू. हे कॅन्सर बहुतांश डोक्यावर, चेहऱ्यावर, मानेवर येतात आणि त्यात नाक सर्वांत पुढे. नाक, पापण्या, डोळ्याचा आतला कोपरा, कान, कानशील या भागांत ते खोल जायला आणि काढल्यावर पुन्हा यायला जास्त प्रवृत्त असतात. दूरच्या अवयवांत पसरणं अतिशय दुर्मीळ आहे, कारण या पेशींना आपल्या आजूबाजूच्या ऊतींचा आधार लागतो, दुसरीकडे जाऊन त्या सहसा तग धरत नाहीत. जिवाला धोका म्हणून हा कॅन्सर सौम्य आहे. पण नाकाची कूर्चा (मऊ हाड), पापणी, डोळ्याभोवतालचं हाड तो हळूहळू खातो. डब्लिनचे नेत्रतज्ज्ञ आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापण्या कुरतडणाऱ्या या व्रणाचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याची ही रीत माहीत आहे.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा दुसरा नेहमीचा त्वचेचा कॅन्सर. त्याची घाई जास्त असते. हाताला कडक लागणारी, खरखरीत, शिंगासारखी वाढ किंवा कडा उचललेली जखम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोठी होते, कधी दुखते, आणि तो काखेतल्या, मानेच्या, जांघेच्या गाठींत जाऊ शकतो. सोलापूर भागातल्या लोकांना याच्या दोन जागा मी आवर्जून सांगतो. एक, जुना भाजल्याचा व्रण. स्टोव्हच्या भडक्याने, चुलीने, उकळत्या पाण्याने वीस-तीस वर्षांपूर्वी भाजलेल्या, घट्ट आकसलेल्या कातडीत नवी जखम झाली आणि ती महिन्यात भरली नाही, तर "जुनंच आहे" म्हणून सोडू नका. पायावरच्या वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेलाही हेच लागू.

दुसरी जागा कंबर. नऊवारी असो की पाचवारी, परकराची नाडी रोज एकाच रेषेत आवळली की तिथे आधी काळा पट्टा पडतो, मग कातडी जाड होऊन पापुद्रे सुटतात, खाज येते. बहुतेकींचं तेवढ्यावरच थांबतं. क्वचित त्या पट्ट्यात न भरणारी जखम किंवा गाठ होते. धोतराच्या काचण्याने कंबरेवर होणाऱ्या अशा कॅन्सरची नोंद मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच केली होती. बायका ही जागा कोणाला दाखवत नाहीत, घरातही बोलत नाहीत, म्हणून आईला, आजीला, मावशीला तुम्हीच मुद्दाम विचारा. नाडी रुंद वापरायची, सैल बांधायची आणि रोज थोडी वर-खाली करायची, एवढ्याने काचणं पुष्कळ कमी होतं.

तळपाय, तळहात आणि नखं यांचंही एका वाक्यात सांगतो, कारण आपल्याकडे मेलानोमा हा सर्वांत घातक प्रकार बहुतेक तिथेच सापडतो: तळपायावर पसरत जाणारा वेडावाकडा काळा डाग, किंवा एकाच नखाखाली नव्याने आलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली, तर आठवडाभरात दाखवा.

आता मलम आणि चुना. मेडिकलमध्ये न विचारता मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. अँटिबायोटिकने वरचा जंतुसंसर्ग जातो, स्टेरॉइडने लाली आणि सूज उतरते, खपली गळते. आठ दिवस चेहरा छान दिसतो. गाठीला काहीही झालेलं नसतं. तुमच्याकडे दोनदा बरं वाटून पुन्हा उगवलं, ते यामुळेच असू शकतं. डॉक्टरांना दाखवण्याआधी ते मलम बंद करा, म्हणजे खरं रूप दिसेल, पण मलमाचा असर उतरायची वाट बघत तारीख पुढे ढकलू नका.

चुना-सोडा, ॲसिड, अगरबत्तीचा चटका, किंवा आठवडी बाजारात मस जाळून देणारे, यातलं काही करू नका, हे मी हात जोडून सांगतो. जाळण्याने गाठीचं वरचं टोक जातं, मूळ राहतं, आणि वर घट्ट व्रण तयार होतो. पुढे गाठ त्या व्रणाखाली वाढते आणि वरून दिसत नाही. शिवाय जाळलेल्याचा तुकडा तपासायला उरत नाही. अगदी क्लिनिकमध्येही मशीनने जाळून काढायचं ठरलं, तरी आधी विचारा: "तुकडा पॅथॉलॉजीला जाणार ना?" चेहऱ्यावरून काढलेली संशयास्पद गाठ तपासणीला न पाठवणं चुकीचं आहे.

आणि ती तुकड्याने पसरण्याची भीती. बायोप्सीमुळे हा कॅन्सर पसरत नाही. उशिरा बायोप्सी झालेल्या माणसाचा आजार आधीच वाढलेला असतो, रिपोर्ट नंतर येतो, आणि लोक दोष तुकड्याला देतात. प्रत्यक्षात होतं ते असं: डॉक्टर आधी डर्मोस्कोपने, म्हणजे उजेड असलेल्या भिंगाने बघतात. फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या, निळसर-राखाडी गोळे, पानासारखे काठ दिसले की संशय पक्का होतो. मग जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन, नाकावर ते काही सेकंद चांगलंच झोंबतं. त्यानंतर ३ किंवा ४ मिलिमीटरच्या गोल पात्याच्या हत्याराने (पंचने) तुकडा घेतात, लागला तर एखादा टाका. तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो, बाटलीवर नाव आणि जागा लिहिलेली स्वतः बघून घ्या. रिपोर्टला साधारण आठवडा धरा. वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर आधी सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. साखर वाढलेली असेल तर तेही सांगा.

रिपोर्टमध्ये बेसल सेल कार्सिनोमा आला, तर पहिला पर्याय बहुधा शस्त्रक्रिया. इथे लवकर येण्याचा फायदा साध्या गणिताने कळतो. लहान, स्पष्ट कडेच्या गाठीभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढतात, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी तिथपर्यंत गेलेल्या असू शकतात. गाठ ६ मिलिमीटरची असेल तर काढायचा भाग १४ मिलिमीटरचा होतो. गाठ १५ ची झाली की तोच भाग २३ होतो. नाकपुडीवर १४ मिलिमीटरलाही कधी बाजूची कातडी सरकवावी लागते, २३ झाले की गालाची किंवा कपाळाची कातडी आणून नाक बांधावं लागतं. वर्षभर थांबल्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी वाचा: प्रकार कोणता आणि कडा मोकळ्या आहेत का. कडेला गाठ लागलेली असेल तर पुन्हा काढणं हा पुढचा मार्ग असतो, 'बघू' म्हणून सोडायचं नसतं. ऑपरेशन झेपणार नाही अशा वयस्कांसाठी रेडिओथेरपीचा पर्याय असतो. लावायची औषधं आहेत, पण ती वरवरच्या सपाट प्रकारासाठी, नाकावरच्या गाठीसाठी त्यांच्यावर वेळ घालवू नका.

कुठे जायचं? सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, त्वचारोग विभाग आहे, बायोप्सीची सुरुवात तिथे किंवा कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे होऊ शकते. रिपोर्ट आल्यावर कॅन्सरच्या उपचारांसाठी जिल्ह्यातच बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी परिसरातल्या खेड्यांत १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, त्यामुळे ग्रामीण रुग्ण तिथे नवखा नाही. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा. घाई किती? रात्रीत धावण्याची गरज नाही, दोन-तीन आठवड्यांच्या आत बायोप्सी व्हावी. सुगी, पेरणी, आषाढी वारी अशी कारणं काढून पुढे ढकलू नका. गाठ डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकत असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर याच आठवड्यात.

उन्हाबद्दल विचारलं नाहीत, पण वडील शेतात जाणारच, म्हणून सांगतो. त्वचेचं नुकसान अतिनील किरणांनी होतं, उकाड्याने नाही. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर तो थेट डोक्यावर असतो. मे महिन्यात लोक आपसूक सावली शोधतात, पण जुलै-ऑगस्टच्या ढगाळ, गार दिवसांत उघड्या तोंडाने दिवसभर खुरपतात, आणि पातळ ढगांतून ही किरणं येतच असतात. सोपी खूण: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर चेहरा झाका. गांधी टोपी किंवा फेटा नाकावर आणि कानावर सावली पाडत नाही. टोपीवरून पंचा पुढे ओढून घ्यावा, किंवा सगळीकडून चार बोटं रुंद काठाची हॅट घ्यावी. सनस्क्रीन चांगलं, पण घामात दर दोन तासांनी लावायला लागतं, शेतात ते कोणी करत नाही, म्हणून मी कापडावर जास्त भर देतो.

गाठ निघाल्यावरही पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी पूर्ण चेहरा, कान, टाळू, मान आणि पाठ दाखवायची. एकदा हा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. भेटीला जाताना जुनी मलमाची ट्यूब, चालू गोळ्यांची यादी आणि पट्टी ठेवून काढलेले फोटो सोबत न्या. रिपोर्ट हातात आला की त्यातला प्रकार आणि मिलिमीटरचे आकडे इथे लिहा, पुढे सर्जनला काय काय विचारायचं ते त्यावरून सांगता येईल.